खालच्या मजल्यावरचा माफिया

इचिकावात राहायला आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मला एका इटालियन-अमेरिकन गुंडाने दम दिला. सकाळचे साडेसात वाजले होते, जागा आमच्या इमारतीखालची कचरा ठेवण्याची होती आणि प्रश्न एका प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाचा होता. जपानमध्ये बाटली वेगळी, झाकण वेगळं आणि बाटलीवरचं वेष्टन वेगळं टाकायचं असतं, हे मी नागोयातल्या दहा वर्षांत शिकलो होतो. पण घर बदललं की माणूस पुन्हा अडाणी होतो.

“हे तुझं?” मागून आवाज आला.

एवढंच. पण तो आवाज मी ओळखत होतो. खालून उचललेला, घशात जरा रेंगाळणारा, वाक्य संपलं तरी खोलीत उभा राहणारा. रविवारी दुपारी टीव्हीवर हाच आवाज समोरच्या माणसाच्या मुलाबाळांची चौकशी करायचा आणि त्यानंतर तो माणूस पुन्हा दिसायचा नाही. मी वळून पाहिलं. लोकरीची टोपी घातलेले, हातात कचरा उचलायचा चिमटा धरलेले जेमतेम पाच फुटांचे एक आजोबा उभे होते. मी झाकण काढलं, वेष्टन सोललं, तीनदा माफी मागितली आणि वर आलो. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, “खाली कोणी टीव्ही लावलाय का?”

जपानी टीव्हीवर परदेशी सिनेमा बहुतेक वेळा जपानीत बोलतो. त्यातली मजा अशी, की एखाद्या परदेशी नटाला एक जपानी आवाज एकदा शोभला, की सहसा तोच आवाज त्याला पुढेही दिला जातो. आपल्याकडे घराण्याचा भटजी ठरलेला असतो, तसं. भटजी बदलला तर यजमानांना जितकं अवघडल्यासारखं होतं, तितकंच आवाज बदलला तर इथल्या प्रेक्षकांना होतं. आमच्या खाली राहणारे हे आजोबा चाळीस वर्षं एकाच नटाचा आवाज होते. नटाचं नाव सांगत नाही. सिनेमा पाहणारे वाचक ओळखतील आणि बहुधा चुकीचं ओळखतील, कारण असे चार-पाचजण आहेत आणि आपण सगळेच त्यांची गल्लत करतो.

आमच्या घरी हे सिनेमे बायकोच्या जपानीसाठी लावले जायचे. पुस्तकी जपानी फार नम्र असते, ती कोणी बोलत नाही, असं तिचं मत होतं. तिने ऐकून ऐकून बोली भाषा आत्मसात केली. त्याचा परिणाम म्हणून आजही ती मासळीच्या काउंटरवर ताज्या बांगड्याची चौकशी खंडणी मागितल्यासारखी करते. बांगडा मात्र तिला नेहमी ताजा मिळतो.

माझं आणि त्या नटाचं नातं जुनं. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही एका फिल्म सोसायटीत जायचो. तिथे सिनेमापेक्षा सिनेमानंतरची चर्चा लांब असायची. त्या चर्चेत भाग घेण्याची लायकी नसलेले आम्ही काहीजण फक्त नटाची लकब उचलायचो: खांदे वर, तळवे उघडे, ओठ खाली, जणू जगाने विचारलेला प्रश्न जगालाच परत. मी वर्षभर घरात असा वावरलो. शेवटी आईने विचारलं, “खांदा धरलाय का रे?” आणि उत्तराची वाट न पाहता तेल गरम करायला ठेवलं.

पुढे वाचनात आलं, की या नटांतल्या बहुतेकांचे आजोबा-पणजोबा बोटीने अमेरिकेत आले, हमालीची आणि शिवणकामाची कामं केली आणि मुलांनी सभ्य अमेरिकन व्हावं म्हणून राबले. मुलं झालीही. नातवाला इटालियनमध्ये धड पाणीसुद्धा मागता येईना. मग तो नट झाला आणि आयुष्यभर त्याला इटालियन गुंडाचीच कामं मिळाली. फार झालं तर पोलीस, पाद्री किंवा मुष्टियोद्धा. आडनाव स्वराने संपलं, की हातात पिस्तूल नाहीतर पळी ठरलेली. हे वाचून मी हसलो होतो. नंतर नागोयात जन्मलेल्या आणि माझ्याशी जपानीतच भांडणाऱ्या माझ्या मुलीला शाळेच्या नाटकात सलग दोन वर्षं ‘दूरदेशीचा प्रवासी’ हे काम मिळालं, तेव्हा जरा कमी हसलो.

झाकणाच्या प्रकरणानंतर आजोबांची आणि माझी ओळख वाढली. मी संशोधन संस्थेत आहे हे कळल्यावर ते मला ‘हाकासे’ म्हणू लागले. शब्दाचा अर्थ डॉक्टरेटवाला, पण इथल्या कार्टूनमध्ये प्रयोगशाळेला आग लावणारे पांढऱ्या केसांचे गृहस्थ असतात, त्यांनाही हाकासेच म्हणतात. आजोबांच्या मनात कोणता अर्थ होता ते मी कधी विचारलं नाही.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातली ट्यूब बदलायला मी खाली गेलो. ते एकटेच राहत. पत्नी वारल्या होत्या, मुलगा नागोयाला मोटारींच्या कारखान्यात. ट्यूब लागली आणि त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेली कागदी पिशवी उघडली. आत दोन गरम, जाड, गोल पोळ्या होत्या. आपल्या पुरणपोळीच्या जपानी चुलत बहिणी म्हणता येतील अशा, आत गोड लाल पुरण. वास खोलीभर पसरला. त्यांनी एक माझ्यापुढे केली. मी म्हणालो, “नको, नको, आत्ताच खाऊन आलोय.”

आजोबांनी मान हलवली. मग त्यांनी स्वतःची खाल्ली आणि त्यानंतर माझी खाल्ली.

हे मी चहाचा कप धरून पाहत राहिलो. तक्रार करायला जागा नव्हती. जपानमध्येही संकोचाने नाही म्हणण्याची आणि यजमानाने पुन्हा विचारण्याची रीत आहे. क्योतोची माणसं तर त्यात पुण्याला धडे देतील. पण आजोबा जुन्या तोक्योतल्या सुताराचे चिरंजीव. पोटात एक आणि ओठांत एक हा त्यांच्या मते क्योतोकडचा आजार होता. माणूस नाही म्हणाला म्हणजे नाही. वर जाऊन मी बायकोला झालेला प्रकार सांगितला. ती म्हणाली, “बरं झालं. इथे येऊन इतकी वर्षं झाली, अजून दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसतोस.”

गप्पांत मी त्यांच्याकडून धंद्यातल्या गोष्टी काढून घ्यायचो. आवाज देणारे नट एका खोलीत उभे राहून काम करतात, समोर पडदा, हातात संहिता. मोजके माइक, माणसं जास्त, त्यामुळे आपलं वाक्य आलं की पुढे सरकायचं, संपलं की आवाज न करता मागे. सळसळणारे कपडे चालत नाहीत. उपाशी पोट चालत नाही, ते गुरगुरतं आणि माइक ते पकडतो. सर्वांत अवघड काम पान उलटण्याचं, कारण कागद वाजता कामा नये. त्याच सुमारास तोक्योतल्या फुनाबोरीला आपल्या मराठी मंडळींच्या एका मेळाव्यात, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका गृहस्थांनी याच नटांवर स्लाइड्स दाखवून व्याख्यान दिलं होतं. त्यात मौनाचे तीन प्रकार होते: धगधगतं, आत्ममग्न आणि वैश्विक. मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “तो गप्प बसतो तेव्हा मी पान उलटतो.”

फेब्रुवारीत एका सकाळी आजोबा रद्दीचा गठ्ठा बांधत होते आणि गाठ नीट बसत नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. त्यांच्या नटाची नवी मालिका येत होती. नट आता ऐंशीच्या पुढचा. पिस्तूल नाही, मारामारी नाही, एका म्हाताऱ्या बापाचं काम. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा आजोबांना कळवलं होतं, की आवाजाची चाचणी द्या. त्यांच्याबरोबर दुसऱ्याही एकाची चाचणी होणार होती, तरुणाची. तरुण म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा. दोन्ही नमुने अमेरिकेला जाणार, निवड तिकडचे लोक करणार.

“तो अजून जिवंत आहे,” आजोबा म्हणाले, “आणि मी त्याच्या तोंडात मरणार.”

मी काहीतरी दिलासा देणारं बोललो असेन. गाठ मीच बांधून दिली.

चाचणी सोमवारी होती. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर संहिता पालथी ठेवली होती. काम गुप्त असतं, बाहेरच्याला दाखवता येत नाही. त्यांनी बजावलं, की त्यांनी मला काहीही दाखवलेलं नाही, एक म्हातारा आपल्या घरात मोठ्याने बोलतोय आणि ट्यूब बदलणारा माणूस योगायोगाने तिथे बसलाय. मग त्यांनी अडचण सांगितली. फोनवर दिग्दर्शकाला त्यांनी प्रसंग वाचून दाखवला होता आणि तो म्हणाला होता, की चांगलं आहे, पण थोडं हळवं करून पाहा. हळवं म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांना कोणी हळवं मागितलं नव्हतं.

प्रसंग असा. बाप बऱ्याच वर्षांनी मुलाच्या घरी येतो. दोघांचं काहीतरी जुनं बिनसलेलं आहे. मुलगा जेवायला बसलेला. तो विचारतो, जेवणार? बाप म्हणतो, नको. मुलगा पुन्हा विचारतो. बाप म्हणतो, मी खाऊन आलोय. मुलगा ताट ठेवतो. बाप म्हणतो, बरं, थोडंसं.

आजोबांनी जपानीत करून दाखवलं. त्या ‘नको’नंतर मुलगा उद्या सकाळपर्यंत जगेल असं वाटेना.

“मानी माणूस आहे,” आजोबांनी खुलासा केला. “ज्या पोराने दगा दिला, त्याच्या हातचं खाणार नाही. शेवटी दया येऊन खातो.”

मग त्यांनी तेच इंग्रजीत करून दाखवलं. आजोबांना इंग्रजी येत नाही. पण चाळीस वर्षं ते त्या नटाचं बोलणं नुसत्या नादाने पाठ करत आले होते. कुठे श्वास घेतो, कुठे शब्द गिळतो, कुठे नाकातून हसतो, सगळं. त्यांच्या तोंडून तो नट जसाच्या तसा बाहेर आला. माझ्या कॉलेजच्या वर्षभराच्या खांदे उडवण्याची मला लाज वाटली. आणि त्या गिळलेल्या, पुटपुटलेल्या इंग्रजीत मला काही वेगळंच ऐकू आलं. हा माणूस रागावलेला नव्हता. हा माणूस आमच्याकडच्या लग्नातल्या पंगतीत बसलेला होता.

“आजोबा, त्याला भूक लागली आहे,” मी म्हणालो.

“तो नको म्हणतोय.”

“सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नाही. मुलाने पुन्हा विचारावं म्हणून नको म्हणतोय. एकदाच विचारून मुलगा थांबला तर काय, ही त्याला भीती आहे.”

“हे तुला कसं कळलं?”

आता सांगणं भाग होतं. “त्या दिवशी तुम्ही मला पोळी दिलीत. मी नको म्हणालो. मला ती हवी होती.”

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. हे मौन आत्ममग्न की वैश्विक, ते मला ठरवता आलं नाही.

“दोन्ही मी खाल्ल्या,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तू बघत बसलास.”

“हो.”

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मग म्हणाले, की दर रविवारी मुलाचा नागोयाहून फोन येतो. येऊ का, असं तो विचारतो. ते काही गरज नाही म्हणतात. मी विचारलं, तो कितीदा विचारतो. “एकदाच,” आजोबा म्हणाले. “मीच वाढवलाय त्याला.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तालीम आमच्या घरी झाली. ही कल्पना बायकोची. तिचं म्हणणं होतं, की आग्रह ही बोलून शिकवण्याची गोष्ट नाही, त्याला ताट लागतं. तिने आदल्या रात्रीच इथलं दही फडक्यात टांगून श्रीखंड केलं होतं. आजोबांना खुर्चीवर बसवलं, समोर ताट ठेवलं, आणि तिने वाढायला सुरुवात केली. ती त्यांच्याशी जपानीत बोलत होती, आणि ती जपानी तिने त्यांच्याच सिनेमांतून उचलली असल्यामुळे, एक गुंड दुसऱ्या गुंडाला श्रीखंड वाढतोय असं चित्र दिसत होतं.

आजोबांनी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. बायको थांबली.

“हात फार वर आहे,” ती म्हणाली. “इतका वर धरला तर कोणी खरंच वाढणार नाही. खाली आणा. अजून खाली. आणि बोटं मिटू नका, फट ठेवा.”

मग तिने मला माझ्या मामाचा हात करून दाखवायला सांगितलं. माझा मामा आमच्याकडे या विषयातला अधिकारी माणूस. पंगतीत तो डोळे मिटून, मान हलवून, अगदी गहिवरून नको म्हणायचा, आणि त्याच वेळी ताटावर धरलेल्या हाताच्या बोटांत एवढी फट असायची, की त्यातून बासुंदी सहज खाली जाईल. आवाज नको म्हणतोय आणि हात वाढा म्हणतोय. मी मामाचा हात केला. आजोबांनी तो बारकाईने पाहिला, बोटांमधलं अंतरसुद्धा पाहिलं, आणि मग स्वतःचा हात तसा धरून हळूच म्हणाले, “इरानाई.” नको.

या खेपेला कोणी मेलं नाही. बायकोने न बोलता वाढलं.

तालीम चार वेळा झाली आणि आजोबांनी, केवळ अभ्यास म्हणून, चार वाढी श्रीखंड खाल्लं. आमची मुलगी दारात उभी राहून हे बघत होती. तिला हा सगळा प्रकार वेडगळपणाचा वाटत होता. हवं असेल तर हवं म्हणावं, नको असेल तर नको म्हणावं, असं तिने जपानीत सांगितलं. आजोबा तिला म्हणाले, की कालपर्यंत त्यांचंही हेच मत होतं.

एक अडचण मात्र उरली होती. एका हातात संहिता असते. डोळेही थकलेले, ओळ सापडायला वेळ लागतो. हात ताटावर धरायचा तर कागद कुठे ठेवायचा? आजोबा म्हणाले, की ते बघतील.

सोमवारी काय झालं ते मला मंगळवारी कचऱ्याजवळ कळलं. ते माइकपुढे रिकाम्या हातांनी उभे राहिले. काचेपलीकडच्या मुलीला वाटलं, म्हातारा संहिता घरी विसरला. ती धावत एक प्रत घेऊन आली. त्यांनी ती नको म्हणून परत केली, आणि मला मुद्दाम सांगितलं, की हा नको खरा होता. मग पडद्यावर बाप मुलाच्या घरात आला. पोटाच्या उंचीवर, हवेत धरलेल्या एका न दिसणाऱ्या ताटावर आजोबांनी हात आडवा धरला. बोटांत फट ठेवली. पाठ केलेलं बोलून टाकलं. पान उलटायचं नसल्यामुळे नट गप्प होता तेव्हा काय करावं हे त्यांना समजेना, म्हणून तेही त्याच्याबरोबर गप्प उभे राहिले.

“अठ्ठावन्न वर्षांचा चांगला आहे,” ते म्हणाले. “आवाज माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.” मग चिमट्याने कोणाच्या तरी पिशवीतलं झाकण बाहेर काढलं आणि इमारतीकडे वर बघितलं. मी शपथेवर सांगितलं, की आमचं नाही.

त्यानंतर तीन आठवडे काही कळलं नाही. आजोबा नेहमीसारखे खाली दिसायचे, पण बोलायचे कमी. बायको म्हणायची, विचार. मी म्हणायचो, सांगायचं असेल तर सांगतील. ती म्हणायची, तुला एक पोळी बुडूनही अक्कल आली नाही. चौथ्या आठवड्यात मी विचारलं. ते म्हणाले, काही विशेष नाही. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, जाऊ दे. मी तिसऱ्यांदा विचारलं.

“मीच आहे,” आजोबा म्हणाले.

फार आनंद करण्याचंही कारण नव्हतं, हे त्यांनीच पुढे सांगितलं. तो बाप दुसऱ्याच भागात मरतो. तिसऱ्या भागापासून तो भिंतीवरचा फोटो होतो, आणि फोटोला आवाज लागत नाही. दोन दिवसांचं काम होतं. पण दोन भाग तर दोन भाग, नट त्यांच्याच तोंडून मरणार होता, आणि हे त्यांना पुरेसं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी पहिला भाग लागला. आम्ही तिघं खाली त्यांच्याकडे गेलो. दारात मोठ्या मापाचे बूट काढलेले होते. आत एक पन्नाशीचा गृहस्थ अवघडून बसला होता, आजोबांसारखाच जबडा, उंची मात्र आईकडची असावी. मुलगा, असं आजोबांनी सांगितलं, आणि बाकी काही सांगितलं नाही. मालिका सुरू झाली. बाप आला, मुलाने विचारलं, आणि आमच्या ओळखीच्या त्या खोल, घशात रेंगाळणाऱ्या आवाजात पडद्यावरचा म्हातारा नको म्हणाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मालिकेतल्या न्यू जर्सीच्या त्या घरात, जपानी बोलणाऱ्या त्या इटालियन-अमेरिकन माणसाच्या तोंडी माझा मामा बसला होता. नागोयाचा मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला.

मालिका संपल्यावर आजोबांनी स्टेशनजवळच्या दुकानाची कागदी पिशवी उघडली. पाच माणसं, पाच पोळ्या. तिघांना दिल्या, एक स्वतःला ठेवली आणि पाचवी त्यांनी माझ्यापुढे धरली. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “नको, नको, जेवूनच आलोय.”

आजोबांनी पोळी मागे घेतली नाही. माझ्या डोळ्यांत बघून, मालिकेतल्यापेक्षा जुन्या आवाजात, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी मान खाली घालून पुन्हा नको म्हणालो. आता तिसरी वेळ. ते श्वास घेत होते, आणि त्यांचा श्वास कुठे संपतो हे मला आता ठाऊक होतं.

“बाबाला नकोय,” मुलगी जपानीत म्हणाली. “दोनदा सांगितलं त्याने.” आणि तिने माझी पोळी घेतली.